कापलेल्या पावाचं गाव

कॅन्सस सिटी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बेकरीत कुणी ‘पाव कापून द्या’ म्हणालं की तुमचं उत्तर ठरलेलं, ‘कापला की सुकतो, घरी जाऊन कापा.’ परवा आम्ही चिलिकॉथीला जाऊन आलो, तिथे सारखी तुमची आठवण होत होती. मिसुरी राज्यातलं हे लहानसं गाव. यंत्राने कापलेला ब्रेड ७ जुलै १९२८ रोजी पहिल्यांदा विकायला आला, तो इथल्या बेकरीत.

यंत्र बनवणारा ऑटो रोवेडर हा मूळचा दागिन्यांच्या धंद्यातला. दुकानं विकून या नादाला लागला. १९१७ मध्ये आग लागून यंत्राचा नमुना, आराखडे, सगळं जळालं. पुन्हा उभं राहायला दहा वर्षं गेली. बरं, बेकरीवाले तरी त्याला दारात उभं करतील? त्यांचं म्हणणं अगदी तुमचंच: कापला की वाळला, आणि स्लाइस सुट्या होऊन पसरल्या तर कोण घेणार?

कापण्याचं त्याला जमलं होतं. कापलेलं धरून कसं ठेवायचं तेच सुटेना. बायका टोपीला लावत तसल्या लांब पिना त्याने पावात खोचून पाहिल्या. (मामी हे वाचून काय म्हणेल, ते मला इथे ऐकू येतंय!) त्या निघून पडायच्या. शेवटी कापल्याबरोबर पाव मेणकागदात गुंडाळायची सोय केली, तेव्हा गाडी रुळावर आली. तरी पहिलं यंत्र घेतलं ते फ्रँक बेंच या त्याच्या मित्राने, ज्याची बेकरी बुडायला आली होती. ती सावरली, आणि दोनच वर्षांत ‘वंडर ब्रेड’ या ब्रँडने असा ब्रेड देशभर नेला.

पुढे युद्धात सरकारने १८ जानेवारी १९४३ पासून कापलेल्या ब्रेडवर बंदी घातली. कारण काय, तर त्याला जाड मेणकागद लागतो! बायकांनी असा गिल्ला केला की ८ मार्चला बंदी उठवावी लागली.

तेव्हा स्लायसर घ्या म्हणून बंडू मागे लागलाय, त्याला आधी पॅकिंगचं काय ते विचारा. यंत्राचे फोटो त्याच्या फोनवर पाठवलेत.

मामीला नमस्कार.

तुमची भाची,
मेधा