खोल्या मोजता, तर बावीतले पाणीही मोजा

मा. संपादक,
स.न.

मालवणात पर्यटकांची गर्दी उसळली की चर्चा बाजारपेठेतल्या वाहनकोंडीची होते. कोंडी चार दिवसांत सुटते. मेढा, धुरीवाडा, दांडी अशा जुन्या वस्त्यांतला खरा ताण पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या घरांच्या परड्यातल्या बावीवर (विहिरीवर) आणि शौचालयाच्या टाकीवर पडतो, आणि पाहुणे परतल्यावरही तो तिथेच राहतो.

घरगुती वापराला माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, हॉटेलात प्रत्येक खाटेमागे १८० लिटर. दहा फूट व्यासाच्या बावीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे २,२०० लिटर. मे महिन्यात रात्रभरात तेवढाच झरा येत असेल, तर घरच्या चार माणसांचे ५४० लिटर वजा जाता उरलेल्या पाण्यात नऊ पाहुणे भागतात. पण पाच दुहेरी खोल्या आणि प्रत्येकीत एक जादा गादी धरली की पाहुणे होतात पंधरा. रोज हजारेक लिटरची तूट, म्हणजे बाव दिवसाला जवळजवळ अर्धा फूट खाली. चादरी घरीच धुतल्या तर आणखी. रहाटाने ओढताना हात दुखले की माणूस थांबायचा. पंप थांबत नाही.

किनाऱ्याजवळ बाव नुसती कोरडी पडत नाही. पावसाचे गोडे पाणी हलके, म्हणून ते जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगते. गोड्याची पातळी एक फूट उतरली की खालची खारी सीमा सुमारे चाळीस फूट वर सरकू शकते. हे एका रात्रीत होत नाही, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. आधी चहा मचूळ लागतो, मग डाळ शिजत नाही. माड काही काळ तग धरतो, पोफळ आधी जाते. समोर सिंधुदुर्गाच्या बेटावर, चहूकडे समुद्र असताना, दूधबाव, दहीबाव, साखरबाव आहेत. १६६४ साली किल्ल्याची पायाभरणी झाली तेव्हा पाण्याचा विचार झाला होता; खोल्या बांधताना तो होत नाही.

टाकीचे दुखणे तर नाकालाच कळते. पाच माणसांसाठी बांधलेली टाकी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, आत मीटरभर पाणी: जेमतेम अकराशे लिटर. मैला खाली बसायला पाणी त्यात निदान एक दिवस थांबावे लागते. न्हाणीचा पाइपही त्यातच जोडला आणि दिवसाला २,७०० लिटर आले, तर ते दहा तासांत गाळासकट बाहेर पडते. टाकीचे पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा बुजतो, घाण गटारात येते किंवा जांभ्याच्या भेगांतून वाट काढते. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर दूर हवा, आणि हे अंतर शेजाऱ्याच्या बावीपासूनही मोजायचे असते. अरुंद परड्यांत ते मिळत नाही. मैला उपसणारा टँकर पाणंदीत शिरत नाही म्हणून उपसाही लांबतो. मग बावीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात. हजार लिटरला अडीच ग्रॅम हे प्रमाण बरोबर, पण झिरपणे चालूच असेल तर त्यातले क्लोरीन काही तासांत संपते, आणि मैल्यातून येणारे नायट्रेट त्याने मुळीच जात नाही.

बाकीचे परिणाम सगळ्यांना ठाऊक आहेत. शिक्षकाला, नर्सला वर्षभरासाठी खोली मिळणे कठीण, सुरमई लिलावातच हॉटेलकडे.

उपाय म्हणून कुणी व्हेनिसकडे बोट दाखवतात. तिथे २०२४ मध्ये २९ दिवस, दिवसाच्या पाहुण्यांकडून पाच युरो घेतले. मुक्कामाला राहणाऱ्यांना ते शुल्क नव्हते, आणि आमच्या बावीवरचा भार मुक्कामाचाच आहे. पावती फाडून झरा वाढत नाही. बार्सिलोनाने पर्यटकांच्या फ्लॅटचे सुमारे दहा हजार परवाने २०२८ नंतर न ठेवण्याचे जाहीर केले, ते निदान मुळाशी जाते. इतके टोक इथे नको. पाहुण्यांवर कित्येक घरे चालतात.

निवास-न्याहारीची नोंदणी देताना आणि नूतनीकरणाला खोल्यांऐवजी खाटा मोजाव्यात, त्याही पाण्यावरून. तपासणी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी; ऑक्टोबरात प्रत्येक बाव भरलेली दिसते. संध्याकाळी पंप बंद करून पातळी मापायची, पहाटे पुन्हा मापायची. दोरी आणि टेप पुरते. शेजारचा पंपही त्या रात्री बंद हवा, नाहीतर माप खोटे. टीडीएस मीटरने विरघळलेले क्षार पाहावेत: लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, २,००० च्या वर पाणी पिण्याला बाद. मैल्यातले जंतू तपासायच्या एचटूएस बाटलीत पाणी भरून ठेवावे. एक-दोन दिवसांत काळे झाले तर मैला पोहोचला असे समजावे. अशा घराला टाकी वाढवेपर्यंत एकही खाट वाढवून देऊ नये. आणि ‘टँकर मागवू’ हे उत्तर धरू नये, कारण तो टँकर दुसऱ्या गावाच्या विहिरीवरच भरतो.

काही रहिवासी, मालवण