तात्या आणि माई, हे पत्र तुम्हाला

ती. स्व. तात्या आणि माई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

समोरच्या दारातल्या माणसांना पत्र कशाला, असं माई म्हणतील. पण तोंडावर आभार मानायला गेलं की तात्या "आधी चहा घे" म्हणतात आणि विषय तिथेच राहतो. म्हणून लिहून देते. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण तुम्ही मला जे सांगितलंत ते लोअर परळच्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्या पुष्कळ जणांना हवं आहे.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या टीमचं काम संध्याकाळी साडेसातला थांबतं. रविवारी फोन वाजत नाही. वाजलाच तर कोणी उचलायचा हे आधी ठरलेलं असतं. ही घडी तुमच्यामुळे बसली, तात्या.

त्याआधीचं तुम्ही बघितलंच आहे. ऑफिस सुटायची वेळ कागदावर साडेसहाची. घरी येऊन कुकर लावला की ग्रुपवर मेसेज सुरू. "झोपायच्या आधी एवढं बघून टाकशील का?" आमच्यातली एक बदलापूरला राहते. तिला हे मेसेज दादर ते बदलापूरच्या गर्दीत, एक हात कडीला आणि एका हातात फोन, अशा अवस्थेत यायचे. जाऊन-येऊन तिचे तीन तास रोज गाडीत जातात, आणि हे तास ऑफिसही मोजत नाही, घरही मोजत नाही. प्रत्येकजण आपापल्या परीनं वाट काढत होता. कोणी नेट गेलं म्हणायचं, कोणी फोन कपाटात ठेवायचं. वर्क-लाइफ बॅलन्सवरचे सल्ले आम्ही एकमेकींना पाठवायचो. पहाटे उठा, ध्यान करा, स्वतःसाठी वेळ काढा. पहाटे पाचला उठून काढलेला तो तास डब्यातच जायचा.

आमची खोली एक, त्यामुळे लेक झोपला की मी लॅपटॉप घेऊन गॅलरीत बसायचे. एका रात्री अकराच्या सुमाराला तुम्ही पाणी प्यायला उठलात, थोडा वेळ माझ्याकडे बघत उभे राहिलात आणि विचारलंत, "सूनबाई, तुमच्या हापिसाचा भोंगा कधी वाजतो?" मी म्हटलं, आमच्याकडे भोंगा नसतो, तात्या. त्यावर तुम्ही म्हणालात, "मग सुटल्याचं कळतं कसं?"

इतक्या लेखांमध्ये मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सगळ्यांनी मला वेळेचं नियोजन शिकवलं. काम संपलं हे ठरवतं कोण, ते कोणी काढलंच नाही.

मग तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि गिरणीचं सांगायला लागलात. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, आणि रातपाळी बारा ते सात. साचे, म्हणजे कापडाचे माग, चोवीस तास चालायचे. "मशीन थांबत न्हवतं, पर मानूस थांबत हुता. माझ्या साच्यावर दुसरा येऊन हुबा राहायचा, मग मी हात धुवायचा." माझ्या मनात हे पक्कं बसलं. आम्हाला नेहमी ऐकवलं जातं की काम थांबू शकत नाही, क्लायंट परदेशात आहे, तिकडे दिवस असतो. खरंच आहे ते. पण काम थांबू शकत नाही म्हणून त्याच माणसानं जागायचं, हे त्यातून निघत नाही. तुमच्या काळातल्या गिरण्यांना जे जमत होतं, ते आम्हाला अशक्य म्हणून सांगितलं जात होतं.

तुम्ही ते दिवस गोडगोड करून सांगितले नाहीत, याचे वेगळे आभार. किती वर्षं बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, काढली, सकाळी गेटवर पास घेऊन उभं राहायचं, जॉबरनं, म्हणजे माणसं कामावर घेणाऱ्या मुकादमानं, नाव घेतलं तर आत, नाही घेतलं तर परत खोलीवर. त्या खोलीतही पाळीप्रमाणे झोपायचं, कारण सगळ्यांना एकदम आडवं व्हायला जागाच नव्हती. साचेखात्यातल्या आवाजानं तुमचा एक कान गेला. आणि मग 18 जानेवारी 1982. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधी कोणी जाहीर केलं नाही. हे सांगताना तुमचा आवाज चढला नव्हता. मी मात्र लॅपटॉप कधी मिटला ते मला कळलं नाही.

गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव मी त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकलं. शाळेच्या पुस्तकात एखादी ओळ असेल तर असेल. नंतर मी वाचून काढलं. 1884 साली त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. तेव्हाच्या मागण्या बघा: आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. 1881 च्या फॅक्टरी कायद्यात मोठ्या माणसाच्या कामाच्या तासांना मर्यादाच नव्हती. रविवार मिळाला 10 जून 1890 ला. त्याच्या आधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजारो कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या होत्या. त्यांची भाषणं कोणी जपून ठेवली असती तर मी ती आज पाठ केली असती. पुढे आठवड्याच्या 48 तासांवर यायला 1940 चं दशक उजाडावं लागलं.

एवढी माणसं एकत्र उभी राहिली तेव्हा कुठे एक रविवार मिळाला, आणि आपण मात्र प्रत्येकीला सांगतो की तुझा तोल तुझा तू सांभाळ. ऐतिहासिकदृष्ट्या ही गोष्ट कोणालाच एकट्यानं जमलेली नाही. फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

कायदा येईपर्यंत काय करायचं, ते तुम्ही कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे आखून दिलंत. उभ्या रेघा आठवड्यांच्या, आडव्या आमच्या नावांच्या. प्रत्येक आठवड्याला एकजण "बदली", संध्याकाळनंतरचं तातडीचं काम फक्त तिनं किंवा त्यानं बघायचं, आणि त्या बदल्यात पुढच्या आठवड्यात अर्धा दिवस सुट्टी. बाकीच्यांचे फोन बंद. तुमची अट एकच होती, "एकटीनं जाऊ नगंस. एकटीनं न्हाई म्हटलं की तिचं नाव हुतं. समद्यांनी एकदम जा, आन् कागद घेऊन जा."

आम्ही कागद घेऊनच गेलो. आधी आपसात जुळवायलाच वेळ लागला. एकाला वाटत होतं की प्रमोशन जाईल, आणि त्याची भीती खोटी नव्हती. साहेबांनी पहिल्यांदा हसून घालवलं. पण सगळे उभेच राहिलो तेव्हा त्यांनी कागद हातात घेतला आणि अर्ध्या दिवसाच्या सुट्टीवर बोट ठेवून विचारलं की ही भरपाई कशासाठी. बदलापूरच्या मैत्रिणीनं उत्तर दिलं, "सर, रात्रीचं काम हेसुद्धा कामच आहे." महिनाभर करून बघू, असं ठरलं. तो महिना सरला आणि नंतर कोणी विषय काढला नाही. व्यवस्था चालू राहिली. तिन्ही-सांजेला तातडीचे म्हणून येणारे बहुतेक मेसेज सकाळपर्यंत थांबू शकतात, हे साहेबांनाही कळलं असावं.

आता माई, तुमच्याकडे वळते, कारण या पत्रातला अर्धा वाटा तुमचा आहे.

मी तो कागद आनंदानं तुम्हाला दाखवायला आणला तेव्हा तुम्ही ताटात मेथी निवडत होतात. कागद बघितलात, काड्या बाजूला केल्यात आणि म्हणालात, "ह्यांचा भोंगा वाजायचा. माझा कुठं वाजत हुता?" तात्या गप्प बसले. मग तुम्ही खानावळीचं सांगितलंत. तिन्ही पाळ्यांची माणसं तुमच्याकडे जेवायची. पहिल्या पाळीचे चारला यायचे, दुसऱ्या पाळीचे मध्यरात्री, आणि रातपाळीवाल्यांचा डबा त्याआधी. म्हणजे गिरणीतल्या प्रत्येकाची एक पाळी आणि तुमची चूल तिन्ही पाळ्यांना. वाण्याची उधारी, त्यासाठी गहाण टाकलेलं मंगळसूत्र, आणि 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केल्यावर तुमच्यासारख्या खानावळवाल्या बायकांना मिळालेलं बँकेचं कर्ज. "तवा पयल्यांदा वाटलं, हे बी काम हाय," असं तुम्ही म्हणालात.

कामगारांच्या आठ तासांचा इतिहास मी मोठ्या उत्साहानं वाचत होते, पण त्या आठ तासांच्या खाली तुमचे अठरा तास होते, हे कुठल्याच पानावर नव्हतं. आजही चित्र फार हललेलं नाही. 2024 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात गेली, आणि ती कामं करणाऱ्या पुरुषांची 88. ऑफिसनं मला साडेसातला सोडलं तरी हे तास बाकी असतातच. ऑफिसातून वाचवलेला वेळ थेट ओट्यावर ओतायचा असेल तर त्याला तोल कोणी म्हणू नये.

त्या रात्री आमच्या घरात दुसरा कागद लिहिला गेला. रात्रीची भांडी, सकाळचं पाणी भरणं, डबे, लेकाचा अभ्यास, सासूबाईंची औषधं. ह्यांनी आणि मामंजींनी आपली नावं स्वतः घातली. मामंजींनी पाण्याची पाळी मागून घेतली, कारण नळ पहाटे येतो आणि ते तसेही जागे असतात. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी स्वयंपाकघरात माझं नाव नाही. त्या संध्याकाळी मी भारतमाता सिनेमापाशी भाजी घेऊन उगीच लांबच्या रस्त्यानं घरी येते, किंवा लेकाबरोबर कॅरम खेळते. बाकी काही करत नाही आणि कोणाला त्याचा हिशोब देत नाही.

आमच्या मजल्यावरच्या आणखी दोन टीमनी कागद मागितला आहे. मी तो देण्याआधी त्यावर दोघांचंही नाव घालणार आहे, तात्यांचं आणि माईंचं. हरकत असेल तर सांगा. आणि टीममधल्या सगळ्यांना तुम्हा दोघांना भेटायचं आहे. येत्या रविवारी दुपारी आणते. माई, तुम्ही काही करायचं नाही. जेवण आम्ही घेऊन येतो, वाढणार ती मुलंच, आणि भांडी घासूनच जातील. तुम्ही फक्त तात्यांच्या शेजारी बसून बोलायचं. रेसकोर्सवरच्या त्या दोघींसारखं.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
समोरच्या दारातली सूनबाई
लालबाग, मुंबई