अडीच मीटरात कोट? अहो, पन्हा कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महिन्याभरापूर्वी तुमच्या पुरवणीत घरच्या घरी वसंतातला कोट शिवायचा लेख आला होता. मोठ्या फुलांच्या प्रिंटचा, अंगाबरोबर बसणारा, गुडघ्याच्या जरा वरपर्यंत. लेख चांगला होता, फोटो तर फारच चांगला होता, इतका की मी तो कापून शिलाई मशीनच्या वरच्या भिंतीला चिकटवला. पण त्या लेखात एक ओळ होती, "कापड : अडीच मीटर". बस्स. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, किती ते नाही, प्रिंट किती इंचांनी परत येतो ते नाही, फुलं एकाच दिशेने उभी असतील तर काय करायचं ते तर नाहीच नाही. त्या एका ओळीपायी मी जे भोगलं ते तुम्हाला कळवावं म्हणून हे पत्र. लांबलंय, काटछाट केलीत तरी चालेल, पण आकडे काटू नका.

मी काही नवखी नाही हो, शिवणाचा क्लास लग्नाआधी केला होता, मुलींचे फ्रॉक, स्वतःचे ब्लाऊज, नवऱ्याचे लेंगे सगळं शिवलंय, तरी फसले, कारण पेपरात छापून आलेलं आपण खरं धरतो. तर रविवार पेठेत गेले. कलमकारी घेतली, मछलीपट्टणमची ठशांची, फिकट बदामी जमिनीवर हाताच्या पंजापेक्षा मोठी विटकरी फुलं आणि काळ्या वेली. दुकानदाराने विचारलं काय शिवणार, म्हटलं कोट, तर म्हणाला ताई साडेतीन घ्या. मी म्हटलं नाही, अडीच, पेपरात आलंय. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप अडीच फाडलं. तेव्हाच कळायला हवं होतं मला, पण पुणेकर माणूस दुकानदाराचं ऐकेल तर शपथ!

आता हिशोब बघा. पन्हा ४४ इंच. कोटाची उंची ३६, वर-खाली माया (शिवणीसाठी सोडायचं जादा कापड) धरून ३८. पुढचे आणि मागचे सगळे भाग ४४ च्या पन्ह्यात एका ओळीत मावत नाहीत, दोन ओळी लागतात, म्हणजे ७६ इंच. खाली बाह्यांची एक ओळ, २५ इंच. झाले १०१. अडीच मीटर म्हणजे ९८ इंच. कापड प्लेन असेल तर एक भाग सुलटा एक उलटा असे खेटून मांडायचे, घेराचे भाग एकमेकांत बसतात, बाह्या फटींमधून सरकवायच्या आणि अडीच मीटरात कोट होतोसुद्धा, लेख लिहिणाऱ्या बाईंनी बहुतेक प्लेनचाच हिशोब दिलेला आहे. पण उभी फुलं उलटी लावून चालत नाहीत, नाहीतर अर्ध्या कोटावर फुलं उमललेली आणि अर्ध्यावर शीर्षासन! आणि माझा प्रिंट १४ इंचांनी परत येत होता. म्हणजे पहिली ओळ ३८ ला संपली तरी दुसरी ३८ ला सुरू करता येत नाही, ती ४२ ला करायची, तरच फुलं समोरासमोर एका उंचीवर येतात. ती संपते ८० ला, बाह्या सुरू होणार ८४ ला आणि संपणार १०९ ला. म्हणजे शाळेतला १४ चा पाढाच आहे हा. शिवाय मोठं फूल नको तिथे येऊ नये म्हणून सुरुवातीला कापड खाली-वर सरकवायला लागतं (नको तिथे म्हणजे कुठे ते बायकांना कळेल, दोन फुलं छातीवर बरोब्बर समोरासमोर आली तर कोट घरातच घालावा लागेल), त्यात पाच-दहा इंच जातात. एकूण तीन मीटर, वर कॉलर आणि आतली पट्टी, म्हणजे दुकानदार साडेतीन म्हणाला ते अगदी बरोबर होतं. त्याला मी नंतर जाऊन सांगितलं तसं.

आणि आटणं राहिलंच. सुती कापड बेतायच्या आधी भिजवायलाच लागतं, त्यात कलमकारी म्हणजे हिरड्याच्या पाण्यातून आणि दुधातून काढलेलं कापड, काळा रंग लोखंडाच्या गंजाचा आणि गुळाचा आंबवून केलेला, लाल रंगाला तुरटी. नवीन कापडाला तो एक ओळखीचा वास असतो, मला आवडतो, नवऱ्याला गोठ्याची आठवण येते. रात्रभर बादलीत ठेवलं, सकाळी पाणी चहासारखं झालेलं. सावलीत वाळवून, इस्त्री करून मोजलं तर ९८ चे ९४ झालेले! तुमच्या लेखात भिजवायचा उल्लेख एका शब्दानेही नाही. समजा मी न भिजवताच शिवला असता आणि पहिल्या धुण्यानंतर कोट कमरेला अडकला असता, तर मग पत्र याहून लांब आलं असतं.

आता ९४ इंचांत काय करायचं? दोन दिवस कापड जमिनीवर पसरून नुसती बघत होते, घरातले कडेकडेने चालत होते. शेवटी घेर चार इंच कमी केला, त्यामुळे प्रत्येक ओळीत कडेला साधारण नऊ इंचांची पट्टी उरली, त्यात दोन भागांच्या बाहीतला वरचा भाग कसाबसा बसला, दोन्ही बाह्या एकाच उंचीवर, फूलसुद्धा जुळलं, त्या रात्री मला झोप चांगली लागली. पण बाहीचा खालचा भाग, कॉलर आणि आतली पट्टी यांना कापडच नाही. परत रविवार पेठ. तोच प्रिंट तोवर संपलेला. (ठशांच्या कापडाचं असंच असतं, पुढच्या ताग्याचा रंगही तसाच येईल याची कोणी हमी देत नाही, म्हणून एकदमच जास्त घ्यावं, हेही लेखात हवं होतं.) मग विटकरी रंगाचं प्लेन सुती कापड घेतलं आणि हे उरलेले भाग त्यात काढले. आतली पट्टी प्लेन घेतली ते मात्र बरंच झालं, कारण बदामी जमीन पातळ असते, आत प्रिंटची पट्टी लावली असती तर त्या काळ्या वेली बाहेरून सावलीसारख्या दिसल्या असत्या. कॉलरला आणि पुढच्या भागाला कडकपणा यायला चिकटणारं कॅनव्हास लावलं, हलकं, पाठीला अजिबात नाही.

लेखात "प्रिंट जुळवून घ्यावा" असं तीन शब्दांत उरकलंय. ते कसं जुळवायचं ते मी सांगते, छापलंत तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल. कापड दुहेरी घडी करून कापायचंच नाही, खालच्या थरातला प्रिंट कुठे सरकलाय ते दिसत नाही. एकेरी पसरायचं. आधी उजवा पुढचा भाग कापायचा. मग तोच कापलेला तुकडा उरलेल्या कापडावर सुलटा ठेवायचा आणि फुलावर फूल, वेलीवर वेल येईपर्यंत सरकवत राहायचं, एक क्षण असा येतो की तुकडा कापडात दिसेनासाच होतो, हाताने चाचपून कडा शोधावी लागते. तिथे खडूने खुणा करायच्या, आणि मग, हे महत्त्वाचं, पेपर कटिंग (कागदाचा नमुना) उलटं करून डावा भाग काढायचा, नाहीतर दोन्ही उजवेच होतात आणि छापील कापडाला उलट-सुलट असल्यामुळे तो दुसरा उजवा कशाच्याही कामाचा राहत नाही. बटणपट्टीवर फूल जुळवायचं ते कडेला जुळवून उपयोग नाही, बटणं जिथे लागतात त्या मधल्या रेषेवर जुळलं पाहिजे, कारण कोट बंद केल्यावर एक बाजू दुसरीवर चढते. मी पहिल्यांदा कडेला खुणा केल्या होत्या, कात्री लावायच्या आधी लक्षात आलं म्हणून वाचले. खांद्यापासून कमरेवरून थेट खालपर्यंत जी प्रिन्सेस कटची शिवण येते ना, तिथे छातीच्या गोलाईत प्रिंट काही केल्या जुळत नाही, देव आला तरी जुळायचा नाही, तो कमरेपासून खाली जुळवायचा आणि वरचं सोडून द्यायचं.

आणि ट्रायल. अंगाबरोबरचा कोट थेट चांगल्या कापडात कापणं म्हणजे धाडस आहे. आधी मांजरपाटाचा कच्चा कोट शिवला, नुसता धावदोरा घालून. आरशासमोर उभं राहून तो झकास बसत होता. पण मी दिवसभर असते गाडीवर, दोन्ही हात पुढे, म्हणून खाली पार्किंगमध्ये जाऊन स्टँडवर लावलेल्या स्कूटरवर बसून बघितलं तर पाठीत असा काही ताणला की धावदोरा फुटला टर्रकन. वॉचमन बघत होता, मी हँडल धरून, अंगावर पांढरा मांजरपाट, खडूच्या रेघा, टाचण्या. त्याने काहीही विचारलं नाही, चांगला माणूस आहे. मग पाठीत एक इंच सैल केलं आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, वर घेतला. मुंढा खोल केला की हात मोकळा फिरतो अशी आपली समजूत असते, पण होतं उलटंच, मुंढा जितका खाली तितका हात उचलल्यावर अख्खा कोट वर ओढला जातो. काखेच्या जवळ मुंढा असला की बाही एकटी हलते. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा सव्वा इंच मोठा ठेवला होता, तो दोन धावदोरे ओढून, वाफेच्या इस्त्रीने दाबून बसवला, चुणी एकही नाही. अस्तर फक्त बाह्यांना आणि पाठीच्या वरच्या अर्ध्या भागाला, कारण आपल्याकडे फेब्रुवारीत सकाळी सातला गारठा असतो आणि दुपारी एकला त्याच अंगाला घामाच्या धारा, पूर्ण अस्तर म्हणजे शिक्षा. बाकी शिवणींना आतून उरेब (तिरकी कापलेली) पट्टी. काजं लक्ष्मी रोडच्या मागे एका गल्लीत करून घेतली, दहा मिनिटांत झाली, मशीनवर घरी केली असती तर पुन्हा रडारड. बटणं उरलेल्या चिंध्यांतून मढवून घेतली, प्रिंटमध्ये ती दिसतच नाहीत, मैत्रीण म्हणाली बटणं लावायला विसरलीस का.

अजून एक गोष्ट खटकली. लेखात सुरुवातीलाच म्हटलंय की फुलाफुलांचा कोट ही "परदेशातून आलेली फॅशन" आहे. अहो, माझी आजी ज्याला चीट म्हणायची, चिटाचा परकर, चिटाची गोधडी, तेच हे कापड. इथूनच जहाजं भरभरून तिकडे जायचं आणि तिकडच्या बाया-पुरुष त्याची जाकिटं आणि झगे घालायचे, इतके की तिथल्या विणकरांचा धंदा बसायला लागला, म्हणून फ्रान्सने १६८६ साली बंदी घातली ती १७५९ पर्यंत चालली आणि इंग्लंडमध्ये १७२१ च्या कायद्याने असं छापील सुती कापड अंगावर घालायलाही मनाई केली, ती उठली १७७४ ला. म्हणजे आपल्या फुलांना तिकडे कायदे करून अडवावं लागलं होतं आणि आपण इथे त्यांना परदेशी म्हणतोय. लांबचं कशाला, पुण्यातल्या प्रत्येक गाडीवाल्या बाईकडे फुलाफुलांचा सनकोट आहेच की! फक्त तो पोत्यासारखा असतो, त्याला कंबर नसते, एवढाच फरक.

कोट झाला. सतरा दिवस लागले. घालून पहिल्याच दिवशी खाली उतरले तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "नवा सनकोट का गं? जरा घट्ट झालाय."

तर माझी मागणी साधी आहे. त्या ओळीची दुरुस्ती छापा. पन्हा ४४ असेल तर प्लेन अडीच, मोठा एकाच दिशेचा प्रिंट साडेतीन, आणि कापड आधी भिजवा. चौकटीत छापा, पान तीनवर कुठेतरी कोपऱ्यात नको, लेख मोठ्या फोटोसकट आला होता ना. एक मीटरचे पैसे मी मागत नाही, माझेही वाचलेच आहेत. बाकी कोट छान झालाय, फक्त उजवीकडे वळताना हात दाखवला की बाहीचा तो खालचा प्लेन भाग मागच्या सगळ्या ट्रॅफिकला दिसतो, म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी इंडिकेटर वापरायला लागले आहे.

आपली,
एक जुनी वर्गणीदार,
सहकारनगर, पुणे