तुमचा दिवस तुमच्या घरातच राहू दे

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई ‘तू नको काळजी करूस’ म्हणते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन मोकळे होतात. म्हणून लिहून पाठवते आहे. तुम्हाला आमच्याकडे कायमचं राहायला आणायचं नाही, असं मी ठरवलंय. दादाशी बोलून झालं. मागच्या खोलीचं कामही थांबवलं.

हे वाचून आईच्या मनात काय आलं असेल ते मला इथे बसून कळतंय. तसं नाहीये गं. या घरात तुमच्यासाठी जागा नाही असं कधीच होणार नाही. आजारपणात या, करमत नाही म्हणून या, काही कारण नसताना या. किल्ली तुमच्याकडे आहेच. लोक म्हणतील, ‘मुलगी असून आई-बापांना एकटं ठेवलं.’ म्हणू देत. या विचाराने मला रात्र रात्र झोप लागली नाही, ते खरं आहे. तरीही हेच बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं, आणि का वाटतं ते तुम्हाला नीट सांगायचं आहे.

गेल्या खेपेला मी आले होते तेव्हा तुमचा दिवस बघत बसले होते. बाबा अंधारात उठतात आणि दिवा न लावता स्वयंपाकघरात पोचतात. कुठे वळायचं, भिंतीला हात कुठे टेकायचा, हे तुमच्या पायांना पाठ आहे. मग पेपरातलं शब्दकोडं. अडलं की तुम्ही आडवा शब्द मोठ्याने वाचता आणि आई आतून उत्तर देते. संध्याकाळी आई जिन्याच्या पायरीवर बसली की शेजारच्या मुली येतात, कुणाला शिवण विचारायची असते, कुणाला नुसतं बोलायचं असतं. माझ्याकडे आलात तर हे सगळं मागे राहील. सवयी माणसात असतात तशाच त्या घरातही असतात, आणि या वयात घर बदललं तर प्रत्येक गोष्ट पुन्हा विचार करून करावी लागते. माझ्याकडे सकाळी सगळे बाहेर पडतात. तुम्हाला हातात सगळं मिळेल, पण तुम्हाला विचारायला दिवसभर कुणी येणार नाही. आत्याचं काय झालं ते आपण पाहिलंय. तिला कशाचीच कमी नव्हती.

शिवाय तुमचं शिकणं. त्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

बाबा, तुमची उर्दूची वही मी पाहिली. तुम्हाला न विचारता पाहिली, रागावू नका. अलिफ आणि दाल पुढच्या अक्षराला जोडायचे नाहीत, हे तुम्ही समासात लाल शाईने लिहून ठेवलंय, आणि त्याखाली बे हे अक्षर सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी कसं दिसतं ते ओळीने घोटलंय. इतकी वर्षं ज्या गझला कानांनी ऐकल्या त्या डोळ्यांनी वाचायच्या म्हणून कुणी सत्तरीनंतर उजवीकडून डावीकडे लिहायला लागतं, याचा मला किती अभिमान वाटतो ते समोर सांगता आलं नसतं. ‘आता डोक्यात राहत नाही’ असं म्हणून ती वही कपाटात टाकू नका. वयानुसार आठवायला वेळ जास्त लागतो, हे खरं. पण शब्दांचा साठा बहुतेकांचा उतारवयातही शाबूत असतो, आणि नवं शिकता येत नाही असं तर अजिबात नाही. केनियात किमानी मारुगे नावाचे गृहस्थ २००४ साली, ८४व्या वर्षी, पहिलीत जाऊन बसले होते, लहान मुलांच्या शेजारी.

तुम्ही तीच ओळ दहादा वाचता, तेवढं मात्र बदला. वाचून वाचून ओळखीचं वाटतं, पण लक्षात राहतं ते न बघता आठवलेलं. अक्षर झाका, आठवून लिहा, मग उघडून बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. शिकलेलं कसं विसरतं याचा अभ्यास हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली मांडला होता, आणि थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली की कमी श्रमात टिकतं, हे त्यालाही दिसलं होतं. पण हे मी तुम्हाला काय सांगायचं? पाढ्यावर तळवा ठेवून ‘आता सांग, हाताखाली काय आहे?’ असं तुम्हीच विचारायचात. सतराच्या पाढ्याला मी रडायची आणि तुम्ही एक बोट हळूच उचलायचात. तुमच्या तळव्याला शाईचा वास यायचा. अजून आठवतो.

आणि आई, तुझी जलरंगांची चित्रं. पानाच्या कडेला तू कागदाची बारीक रेघ कोरी सोडतेस, तिथेच ऊन पडल्यासारखं दिसतं. हे तुला कुणी शिकवलं? पहिला थर वाळायच्या आत दुसरा लावू नकोस एवढंच, तिथे रंग मळतो. ‘हल्ली निळा रंग पूर्वीसारखा येत नाही’ असं तू म्हणालीस, ते मला लागून राहिलंय. दोष रंगाच्या ट्यूबचा नसावा, गं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा उजेड आत कमी पोचतो. मोतीबिंदू आहे का ते बघून घेऊ. असला तरी घाबरायचं काही नाही, काढल्यावर लोकांना निळा रंग लख्ख दिसायला लागतो. तोवर खिडकीपाशीच बस, आणि मी पाठवलेला टेबलदिवा खोक्यातून बाहेर काढ.

फ्रान्समध्ये तुलूझला १९७३ साली उतारवयातल्या लोकांसाठी विद्यापीठ सुरू झालं, ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’. पुढे इंग्लंडमध्ये त्याचं जे रूप झालं त्यात शिकणारेच एकमेकांना शिकवतात, परीक्षा नाही की पदवी नाही. मला ते वाचताना तुझी पायरी आठवली. ती मोडून तुला माझ्या हॉलमध्ये आणून बसवायचं धाडस मला होत नाही.

आता बाबांच्या कानांचं. वेळ मी घेऊन ठेवली आहे, येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता. मी येते आहे, आपण तिघं जाऊ. तुम्ही म्हणता ऐकू येतं, लोकच पुटपुटतात. वयाने आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणजे स, श, फ असे. त्यामुळे आवाज येतो पण शब्द कळत नाही. म्हणूनच तुम्ही पायरीवरून लवकर आत येता, हे मला दिसलंय. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी जी १४ टाळता येण्याजोगी कारणं सांगितली, त्यात ऐकू कमी येणं आहे आणि उपचार न केलेली कमजोर दृष्टीही आहे. यंत्र मिळालं की सकाळी कानात घालायचं आणि झोपतानाच काढायचं. पहिले काही आठवडे भांड्यांचा, कागदाचाही आवाज मोठा वाटेल. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. ड्रॉवरमध्ये ठेवलेलं मला चालणार नाही.

न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवायला माणूस येईल, त्याला परत पाठवू नका. पलंगावरून एकदम उठायचं नाही, मिनिटभर काठावर बसायचं. उभं राहताना रक्तदाब सावरायला आता वेळ लागतो. तहानेची वाट न बघता पाणी प्या. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत. सकाळचं ऊन अंगावर येऊ द्या, शरीराचं घड्याळ त्यावरच लागतं. चालणं दोघांचं छान चालू आहे, पण तेवढ्याने भागत नाही. आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम हवेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ओट्याला धरून एका पायावर उभं राहा. हात न टेकवता खुर्चीतून उठा, बसा. आई, हे तुलाही आहे. तू फक्त बाबांना मोजून दाखवशील.

कधी वाटलं की आता एकट्याने निभत नाही, तर लपवू नका. त्या दिवशी मी माझा निर्णय बदलेन, एका शब्दाने. तेव्हा हे पत्र मला दाखवायचं नाही.

आणि माळ्यावरचं काही काढायचं असेल तर शनिवारपर्यंत थांबा. ते तीन पायांचं स्टूल मी येताच घेऊन जाणार आहे. बाबांनी त्यावर चढायचं नाही.

तुमची,
छकुली