रानवाटेवरील नदीचे उतार

महोदय,

रानवाट काही किलोमीटरांचीच असली, तरी तिच्यावरील नदीचे उतार, म्हणजे पूल नसल्याने गाडी पाण्यातूनच पलीकडे न्यावी लागते त्या जागा, चालक हलक्यात घेतात, याची मला मनापासून काळजी वाटते. सुमारे ३० सेंटिमीटर वाहते पाणी छोटी मोटार तरंगवू शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या फोर बाय फोरसुद्धा, वाहून नेऊ शकते. शिवाय हवेच्या नळीतून पाणी इंजिनात शिरले, तर ते दाबले जात नसल्यामुळे पिस्टनला जोडलेले दांडे (कनेक्टिंग रॉड) वाकतात. म्हणून जिथे पायी उतरणे धोक्याचे वाटते, तिथे गाडी मुळीच घालू नये. चाकोरी सोडून नवा काठ फोडल्यास माती नदीत जाऊन माशांची अंडी गाळाखाली गुदमरतात, हेही तितकेच गंभीर आहे. अशा प्रत्येक उतारावर खोली दाखवणारे खांब उभारावेत, ही विनंती.

– एक वाचक