एफएम प्रक्षेपक नको, डमी लोड बांधा

महोदय,

विज्ञान प्रदर्शनांत एका ट्रान्झिस्टरचा एफएम प्रक्षेपक हटकून दिसतो. त्यात वारंवारता स्थिर ठेवणारा क्रिस्टल नसतो. बॅटरी उतरली किंवा कॉइलजवळ हात गेला की वारंवारता सरकते. एफएमचा पट्टा 108 मेगाहर्ट्झला संपतो आणि त्याच्या लगेच वर विमानांना धावपट्टीची दिशा दाखवणारे संकेत असतात, हे शिक्षकांनी विसरू नये. हौशी रेडिओची परीक्षा देऊन, परवाना घेऊन 7 मेगाहर्ट्झचा क्रिस्टलवर चालणारा मोर्स प्रक्षेपक बांधावा.

त्याची चाचणी अँटेनावर नको, डमी लोडवर घ्यावी, म्हणजे संकेत हवेत न जाता रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जिरतो. 1 किलोओहम, 1 वॉटचे 20 रेझिस्टर समांतर जोडले की 50 ओहमचा डमी लोड होतो. वायरवाउंड रेझिस्टर मात्र घेऊ नयेत. त्यांची गुंडाळी कॉइलसारखी वागते. ठरलेल्या वारंवारतेच्या वरचे संकेत अडवणारा लो-पास फिल्टर तर हवाच, नाहीतर 14 आणि 21 मेगाहर्ट्झवरही तोच संकेत उमटतो.

– एक हौशी रेडिओचालक, पुणे