जुळ्यांच्या रिपोर्टमध्ये वारेची नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भातल्या जुळ्यांवर लेसर शस्त्रक्रिया झाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. मथळ्यात 'चमत्कार' होता, डॉक्टरांचा फोटोही होता; पण बाईला कितवा आठवडा होता आणि दुखणं लक्षात कसं आलं, याचा बातमीत पत्ता नाही. बार्शीत मी बाळंतपणं करते. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी नेमकं तेवढंच कामाचं.

दोन्ही बाळांची वार (प्लॅसेंटा) वेगळी असेल तर सहसा ही वेळ येत नाही. वार एकच असेल तर तिच्यातून दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि अशा शंभरातल्या दहा-पंधरा गरोदरपणांत एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाऊ लागतं. देणाऱ्याची लघवी आटते, भोवतीचं पाणी संपतं. घेणाऱ्याच्या हृदयावर ताण येतो आणि त्याच्याभोवती पाणीच पाणी होतं. दुखणं वाढलं आणि उपचार झाले नाहीत, तर बहुतेक वेळा दोघंही हातची जातात.

पूर्वी सुईनं जादा पाणी काढत राहणं एवढंच करता यायचं. आता आगपेटीच्या काडीहून फार जाड नसलेली दुर्बीण आईच्या पोटातून आत घालतात, वारेवरच्या वाहिन्यांचा माग काढतात आणि दोघांच्या वाहिन्या जिथं मिळतात ती जागा लेसरनं बंद करतात. २००४ साली युरोपातल्या चाचणीत लेसर केलेल्या ७६ टक्के गरोदरपणांत निदान एक बाळ अठ्ठावीस दिवसांपलीकडे जगलं. नुसतं पाणी काढलेल्यांत ५६ टक्के. पुढे जोडण्या एकेक बंद करून न थांबता त्या सगळ्या एका रेषेत जोडून वारेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लेसर फिरवायची पद्धत आली. २०१४ च्या अभ्यासात त्यामुळे दुखणं उलटण्याचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आलं. लेसरचं हे सगळं गरोदरपणाच्या साधारण सोळा ते सव्वीस आठवड्यांच्या आत.

ऊसतोडीवरून परतलेली एक बाई विसाव्या आठवड्यात माझ्याकडे आली. आठवड्याभरात पोट इतकं ताणलेलं की तिला उताणं निजवेना. सोबतची जाऊ म्हणाली, "जुळं हाय, पोट तर येणारच की." मशीनवर एक बाळ पाण्यात मोकळं फिरत होतं, त्याचं मूत्राशय टम्म, दुसरं वरच्या भिंतीला चिकटलेलं, मूत्राशय दिसेचना. फाइलमध्ये बाराव्या आठवड्याचा रिपोर्ट होता: जुळे, दोन्हींचे ठोके चांगले. वारेबद्दल एक अक्षर नाही. त्याच रात्री पुण्याला पाठवलं, लेसर झाला. मोठं बाळ वाचलं, धाकटं गेलं.

वार एक की दोन, हे अकरा ते चौदा आठवड्यांत सर्वांत स्वच्छ कळतं. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला पातळ, काटकोनात भिडतो (म्हणजे वार एक) की तिथं जाड पाचर दिसते (म्हणजे दोन), एवढं बघायचं. वार एक निघाली की सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी. पडदा बघायचं हे मिनिटभराचं काम पुढे नीट होत नाही, कारण ती खूण नंतर पुसट होत जाते. आपल्याकडे फॉर्म एफमधला (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखाली गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायचा अर्ज) एक रकाना चुकला तर मशीनला सील लागू शकतं (कायदा हवाच, त्याबद्दल तक्रार नाही), पण जुळ्यांच्या रिपोर्टात वारेची ओळ राहिली तर विचारणारं कोणी नाही. आरोग्य खात्यानं ती ओळ सक्तीची करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. तिथं आशाताईंनी जुळं असलेल्या प्रत्येकीच्या रिपोर्टात ही ओळ आहे का, ते पाहावं.

आणि अशी बातमी पुन्हा छापाल तेव्हा आठवडा आणि वार, दोन्ही लिहा. फोटो लहान केला तरी चालेल.

– एक स्त्रीरोगतज्ज्ञ, बार्शी (जि. सोलापूर)